केळ्याचा वास कुठे तयार होतो?

(दृश्य : तापीकाठची केळीबाग, कापणी)
रावेर तालुक्यातली कांदेबाग, म्हणजे ऑक्टोबरच्या सुमारास लावलेली केळी. कोयत्याचा एक घाव बसतो, दांड्यातून चीक ओघळतो आणि घड मजुराच्या खांद्यावर येतो. आता फणी नाकाशी धरा. ओल्या पानाचा वास येईल, केळ्याचा नाही. तो अजून तयारच झालेला नाही.

(दृश्य : रायपनिंग चेंबर, क्रेटच्या थप्प्या)
केळी पिकवायच्या या बंद खोलीत तापमान १६ ते १८ अंश. हवेत इथिलीन वायू सोडलाय, दहा लाख भागांत फार तर १०० भाग. कायद्याने तेवढीच मुभा आहे. हा वायू केळं स्वतःही बनवतं, मेथिओनिन नावाच्या अमिनो आम्लापासून. बाहेरून दिलेला वायू पिकण्याची फक्त सुरुवात करून देतो.

(दृश्य : साल सोलताना, गर जवळून)
खरी गंमत या गरात आहे. पिकताना इथे ल्युसिन वाढतं. प्रथिनं ज्यांची बनतात, त्यातलंच हे एक अमिनो आम्ल. एक विकर त्याचा नायट्रोजनवाला गट काढून घेतं. मग सहा कार्बनांपैकी एक कार्बन डायऑक्साइड होऊन उडून जातो. उरलेल्या पाच कार्बनांचं आधी अल्डिहाइड, मग अल्कोहोल होतं. शेवटी त्याला असेटिल गट जोडला जातो आणि तयार होतं आयसोअमाइल असेटेट. आपण ज्याला केळ्याचा वास म्हणतो, तो मुख्यतः हाच. व्हॅलिन या दुसऱ्या अमिनो आम्लापासून याच वाटेने त्याचा धाकटा भाऊ, आयसोब्युटिल असेटेट, होतो. फेनिलअलानिन या तिसऱ्यापासून तर चक्क लवंगेतलं, तिला वास देणारं युजेनॉल! पिकल्या केळ्यात तेही थोडं असतं.

मधमाशी डंख मारते तेव्हा आयसोअमाइल असेटेटच सोडून बाकीच्यांना हाक देते. पोळ्याजवळ केळी खाऊ नयेत, ते यासाठी.

(दृश्य : उन्हात उभा ट्रक)
या सगळ्याला वेळ लागतो आणि गारवा लागतो. जळगावच्या वैशाखात उघड्यावर पिकवलं, तर गर मऊ पडतो आणि साल हिरवीच राहते. झटपट पिकवायला ठेवलेली कॅल्शियम कार्बाइडची पुडी साल पिवळी करते, आतलं काम मात्र अर्धवट राहतं. तिच्यात आर्सेनिकचे अंश असू शकतात. तिच्यावर बंदी आहे, तरी ती सुटलेली नाही.

(दृश्य : वजनकाटा, भावफलक)
जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. फलकावर भाव लागतो तो क्विंटलचा. वासाचा रकाना त्यात नाही.