ग्ल्यूवाइन: बारा जकाती भरून आलेला सुगंध

(दृश्य: हाउप्टमार्क्ट चौक, तिन्हीसांजा. लाल-पांढऱ्या पट्ट्यांची कापडी छतं, मागे चर्चचा दगडी दर्शनी भाग.)

न्यूरेम्बर्ग, जर्मनी. डिसेंबरात इथे साडेचारलाच दिवेलागण होते.

हा शहराचा मुख्य चौक, हाउप्टमार्क्ट. एरवी इथे भाजी आणि फुलं विकायला बसतात. नाताळच्या आधीचे चार आठवडे मात्र चौकात लाकडाचं आणि कापडाचं एक छोटं गाव उभं राहतं: क्रिस्टकिंडल्समार्क्ट. या बाजाराचा सर्वांत जुना लेखी पुरावा एका लंबगोल लाकडी डबीवर आहे. रंगवलेली, झाकणाची डबी. कुणा बाईने दुसऱ्या बाईला या बाजाराची आठवण म्हणून दिलेली. तिच्यावर साल आहे १६२८.

चौक त्याहूनही जुना. १३४९ मध्ये इथली ज्यू वस्ती उद्ध्वस्त केली गेली, पाचशेहून जास्त माणसं मारली गेली आणि सिनेगॉगच्या जागी हे चर्च बांधलं गेलं. २ जानेवारी १९४५ च्या बॉम्बवर्षावात जुनं शहर कोसळलं. १९४८ मध्ये बाजार पुन्हा भरला.

(दृश्य: गर्दीतून पुढे सरकणारा कॅमेरा. हातमोज्यांतले मग, वाफ.)

गर्दीत शिरलं की आधी वास येतो. दालचिनी, लवंग, संत्र्याची साल, आणि त्यांच्या खाली गरम द्राक्षरसाचा आंबूस-गोड दरवळ. ज्या टपरीपुढे रांग सर्वांत लांब, तिथे ग्ल्यूवाइन मिळते. ग्ल्यूवाइन म्हणजे मसाला घालून गरम केलेली वाइन. चिनीमातीच्या मगासाठी वेगळी अनामत भरायची. तो परत केला की पैसे परत, आवडला तर घरी न्यायचा. मगावरचं चित्र दरवर्षी नवं असतं, म्हणून पुष्कळ घरांत सालवार मगांची रांगच लागलेली दिसते.

(दृश्य: टपरीच्या आत. स्टीलची टाकी, नळ, मग भरणारे हात.)

टपरीवाल्याला इथे मसाला कुटायला सवड नाही. बऱ्याच ठिकाणी ग्ल्यूवाइन तयार होऊनच येते आणि टाकीत फक्त गरम होते. ही तयार ग्ल्यूवाइन बाटलीत भरण्याची सुरुवात १९५६ ची, जवळच्याच आउग्सबुर्गमधली. तिथल्या रुडोल्फ कुन्झमान यांनी गोड केलेली मसालेदार वाइन बाटलीत भरून विकली आणि त्यांना दंड झाला. तेव्हाच्या कायद्याने वाइनमध्ये साखर घालून विकता येत नव्हती.

आज युरोपीय संघाचा कायदाच ग्ल्यूवाइनची व्याख्या करतो. लाल किंवा पांढरी द्राक्षाची वाइन, अल्कोहोल किमान ७ टक्के, आणि चव मुख्यतः दालचिनीची किंवा लवंगेची. साखर चालते, वरून पाणी ओतलेलं चालत नाही. दालचिनी आणि लवंग ही दोन नावं कायद्यात लिहिलेली आहेत, आणि दोन्हींपैकी एकही झाड जर्मनीच्या मातीत उगवत नाही. या पेयातली द्राक्षं युरोपची, पण ज्यावरून ते ओळखलं जातं तो मसाला आशियातला. ग्ल्यूवाइनची गोष्ट सांगताना युरोपात बहुधा नाताळापासून सुरुवात करतात. आम्हाला ती मसाल्यापासून सांगायची आहे.

(दृश्य: संग्रहालय. काचेआड पृथ्वीचा गोल, जवळून. झिजलेला निळा-तपकिरी रंग, त्यावर बारीक जर्मन अक्षरं.)

हा पृथ्वीचा गोल न्यूरेम्बर्गमध्ये तयार झाला, १४९२ ते १४९४ च्या दरम्यान. आज अस्तित्वात असलेला हा जगातला सर्वांत जुना गोल. करवून घेणारा मार्टिन बेहाइम याच शहरातला, पण पोर्तुगालात जाऊन राहिलेला. गोलावर अमेरिका नाही. कोलंबसची बातमी अजून इथवर पोचायची होती.

पण नीट बघा. समुद्राच्या मोकळ्या जागेत मजकूर आहे, आणि तो मसाल्याबद्दल आहे. पूर्वेच्या बेटांवर गोळा झालेला मसाला आधी जावाचे लोक घेतात. त्यांच्याकडून तो सिलोनकडे जातो, मग एडनला, मग कैरोला. कैरोहून व्हेनिस. व्हेनिसचे व्यापारी तो जर्मनांना विकतात, तिथून तो फ्रँकफुर्ट आणि इतर शहरांत, मग किरकोळ दुकानदाराकडे आणि सरतेशेवटी खाणाऱ्याच्या घरी. वाटेत बारा वेळा जकात, आणि दर खेपेला दहा पौंडांमागे एक पौंड. मजकूर म्हणतो, मग आपल्याकडे मसाल्याला सोन्याचा भाव आला तर नवल काय!

न्यूरेम्बर्गच्या सावकारांनी हा हिशेब पाठच केला असणार. मधले हात टाळून थेट भारत गाठता आला तर? १४९८ मध्ये वास्को द गामा कालिकतला उतरला. १५०५ मध्ये पोर्तुगालच्या राजाने फ्रान्सिस्को द आल्मेइदाला आरमार देऊन भारताकडे धाडलं, तेव्हा त्यातल्या तीन जहाजांमागे जर्मन व्यापाऱ्यांचं भांडवल होतं. आउग्सबुर्गचे वेल्झर आणि फुगर त्यात होते, आणि न्यूरेम्बर्गची घराणीही. पुढे पाचच वर्षांत गोवा पोर्तुगिजांच्या हाती पडलं. आजच्या इंडोनेशियातल्या, जायफळाच्या बांदा बेटांवर १६२१ मध्ये डच कंपनीने बहुतेक सगळी वस्ती मारली किंवा गुलाम करून नेली.

(दृश्य: बाजारातली मसाल्याची टपरी. जायफळं, दालचिनीच्या जुड्या, केशराच्या चिमुकल्या डब्या.)

या शहराचं मसाल्यावर किती बारीक लक्ष होतं, ते केशरावरून कळतं. पंधराव्या शतकात इथे केशर तपासणारे अधिकारी नेमलेले होते. १४४४ मध्ये योब्स्ट फिंडेकर नावाचा व्यापारी भेसळीत सापडला. त्याच्या भेसळयुक्त केशरासकट त्याला जाळलं.

(दृश्य: नाणेघाट. सकाळचं धुकं, कातळात खोदलेली वाट, वरच्या तोंडाशी दगडी रांजण.)

आता सह्याद्री. हा नाणेघाट, कोकणातून जुन्नरकडे चढणारी सातवाहनांच्या काळची व्यापारी वाट. पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने भारतापर्यंतच्या समुद्रमार्गाची माहिती लिहून ठेवली, तिला पेरिप्लस म्हणतात. तिच्यात सोपारा आहे, कल्याण आहे. भडोचला उतरणाऱ्या मालाच्या यादीत वाइन आहे, आणि त्यातही इटलीच्या वाइनला पहिली पसंती. भूमध्य समुद्राकडच्या वाइनच्या दोन कानांच्या कुंभांची खापरं आपल्या नेवाशाच्या उत्खननातही सापडली.

म्हणजे वाइन इकडे येत होती आणि मसाला तिकडे जात होता. मिरी मलबारातल्या मुझिरिस बंदरातून लादली जायची. इजिप्तच्या बेरेनिके बंदरात एका देवळाच्या आवारात भारतीय रांजण सापडला, त्यात साडेसात किलो काळी मिरी जशीच्या तशी होती. रोममध्ये मिरीसाठी खास कोठारं बांधलेली होती. रोमन लेखक प्लिनीने भाव नोंदवून ठेवलेत: पौंडाला काळी मिरी ४ दिनार, पांढरी ७, पिंपळी १५. वर तक्रारही केली आहे की भारत दरवर्षी साम्राज्यातून ५ कोटी सेस्टर्स, म्हणजे रोमन नाणी, ओढून नेतो.

ही मिरी जायची कुठे? वाइनमध्येसुद्धा. अपिकियसच्या नावाने चालत आलेल्या रोमन पाककृतींच्या संग्रहात अगदी पहिली कृती मसालेदार वाइनची आहे. १५ रोमन पौंड मध, म्हणजे जवळपास पाच किलो, थोड्या वाइनबरोबर तांब्याच्या भांड्यात मंद आचेवर चढवायचा. उतू जायला लागला की गार वाइनचा शिपका मारायचा. मग त्यात ४ औंस कुटलेली मिरी, थोडी मस्तकी म्हणजे सुगंधी डिंक, केशर, भाजलेल्या खजुराच्या बिया, आणि एक पान. हे पान म्हणजे आपल्या तमालपत्राचंच कुळ, असं बहुतेक अभ्यासक मानतात. सगळं मुरलं की त्यात उरलेली दहाएक लिटर वाइन. त्याच संग्रहात प्रवाशांसाठी मध-मिरीचा टिकाऊ पाक आहे. वाटेत हवा तेव्हा वाइनमध्ये मिसळायचा.

त्या काळात वाइन लवकर आंबट व्हायची. मध आणि मसाला तिला सावरून घ्यायचे. मध्ययुगात मध जाऊन साखर आली आणि मिरीच्या जोडीला दालचिनी-आलं आलं. पॅरिसमध्ये १३९३ च्या सुमारास एका गृहस्थाने आपल्या तरुण बायकोसाठी लिहिलेल्या घरगुती मार्गदर्शिकेत अशा वाइनची कृती आहे. ती नरसाळ्याच्या आकाराच्या कापडी पिशवीतून गाळत. सॅक्सनीत ड्रेस्डेनजवळ राहणाऱ्या वाकरबार्थ नावाच्या सरदाराने डिसेंबर १८३४ मध्ये लिहिलेला कागद सरकारी दप्तरात मिळाला: दालचिनी, आलं, बडीशेपेसारखा अनीस, डाळिंब, जायफळ, वेलदोडा, केशर. तिथल्या वाइनरीत आज त्याच कागदावर बेतलेली पांढरी ग्ल्यूवाइन करतात.

(दृश्य: एर्लांगेन. एका फ्लॅटचं स्वयंपाकघर. ओट्यावर गोल मसाल्याचा डबा, बाटली, संत्री.)

एर्लांगेन न्यूरेम्बर्गहून रेल्वेने वीसेक मिनिटांवर आहे. या गावात नोकरीनिमित्त आलेली पुष्कळ भारतीय कुटुंबं राहतात. हे त्यातलंच एक मराठी घर, आणि पातेलं चढवणाऱ्या बाई इथे दर डिसेंबरात घरीच ग्ल्यूवाइन करतात. टाकीतली त्यांना फार गोड लागते.

वाइन लाल, फळाच्या चवीची आणि कमी तुरट निवडायची. इथे डोर्नफेल्डर सहज मिळते. तुरट वाइन गरम झाली की जास्तच तुरट लागते, आणि ओकच्या पिंपात मुरवलेली महागडी वाइन या कामी वाया जाते. प्रमाण एका बाटलीचं, म्हणजे पाऊण लिटरचं आहे. एक दालचिनीची कांडी, चार-पाच लवंगा, एक चक्रीफूल, दोन वेलदोडे फक्त ठेचलेले. लवंग हात राखून घालायची; ती जास्त झाली तर बाकी सगळं झाकून टाकते. पूड अजिबात नको, वाइन गढूळ होते आणि घोटागणिक तोंडात रवाळ लागतं.

(दृश्य: मलमलच्या तुकड्यात मसाला, दोऱ्याची गाठ.)

मसाल्याची पुरचुंडी बांधली की गाळायचं काम वाचतं. पॅरिसच्या त्या कापडी पिशवीची इथे गरजच उरत नाही.

(दृश्य: संत्र्याची साल सोलणारी सुरी, अगदी जवळून.)

संत्र्याच्या सालीवर मेण किंवा औषध नको, म्हणून इथे ‘फवारणी न केलेली’ असं लिहिलेलीच संत्री घेतात. सुरी वरवर फिरते आहे. सालीतलं तेल केशरी भागात असतं आणि पांढरा भाग कडू. बघा, सोललेल्या पट्टीच्या उलट बाजूला पांढरं राहिलं होतं, ते बाईंनी सुरी आडवी धरून खरवडून काढलं.

आता मुख्य गोष्ट. वाइन आधी ओतायची नाही. पातेल्यात दोन संत्र्यांचा रस, तीन-चार चमचे साखर आणि पुरचुंडी. याला दहा मिनिटं खुशाल उकळी येऊ दे. पाक जरा दाटला, मसाला सुटला, की आच अगदी बारीक करायची आणि मग वाइन. रोमन कृतीतही आधी मधाचा पाक होतो आणि वाइनचा मोठा भाग शेवटी पडतो.

हिला चहासारखं खळखळू द्यायचं नाही. अल्कोहोल ७८ अंशांना उकळतं, आणि वाफ होऊन जाताना वास घेऊन जातं. लवंगेचं आणि दालचिनीचं सुगंधी तेल पाण्यात फारसं विरघळत नाही, अल्कोहोलमध्ये चांगलं विरघळतं. पाणी घातलेल्या वाइनमध्ये मसाला म्हणूनच फिका पडतो. पातेल्याच्या कडेला बारीक बुडबुडे धरायला लागले की गॅस बंद. झाकण. अर्धा तास हात लावायचा नाही. या अर्ध्या तासात जे होतं ते टाकीत तासन्‌तास तापत ठेवून होत नाही. तिथे साखर करपट होत जाते आणि फळाची चव मरते.

अर्ध्या तासाने साल आणि पुरचुंडी काढायची, चव घ्यायची, साखर हवी तर आत्ता घालायची. पुन्हा बारीक आचेवर वाफ धरेपर्यंत गरम. प्यायचे मग आधी गरम पाण्याने विसळून घ्यायचे, नाहीतर थंड चिनीमाती पहिल्या दोन मिनिटांत सगळी ऊब शोषून घेते.

(दृश्य: टेबलाभोवती माणसं, मग, दोन लहान मुलं.)

गरम आणि गोड असल्यामुळे ही वाइन पटकन पोटात जाते आणि पटकन चढते. गाडी चालवायची असेल तर तिच्या वाटेला जायचं नाही. पोरांसाठी आणि न पिणाऱ्यांसाठी बाजारात किंडरपुन्श मिळतो. घरी तो तशाच दुसऱ्या, ताज्या पुरचुंडीतून होतो. वाइनमध्ये भिजलेली पुरचुंडी इथे नको. अर्धा लिटर लाल द्राक्षाचा रस, तेवढाच सफरचंदाचा, थोडं लिंबू आणि ही ताजी पुरचुंडी. यात अल्कोहोल नाही, त्यामुळे हा रस मात्र बिनधास्त उकळायचा, पंधरा मिनिटं. साखर घालायची नाही.