टँटलसच्या हनुवटीपर्यंतचं पाणी

मंडळी, रेस्टॉरंटच्या जाहिरातीत ‘टँटलायझिंग’, म्हणजे जीभ चाळवणाऱ्या, चवींची हमी दिलेली असते. ती वाचली की मला वाटतं, यांनी दिलेला शब्द खरोखरच पाळला तर? ताट समोर येईल, वास दरवळेल, आणि घास उचलायला हात पुढे केला की वेटर ताट ओढून नेईल!

कारण हा इंग्रजी शब्द ज्याच्या नावावरून आला, त्या ग्रीक पुराणकथांतल्या टँटलस राजाचं नेमकं हेच झालं होतं. ग्रीक कवी होमरच्या ‘ओडिसी’ महाकाव्याच्या अकराव्या सर्गात नायक ओडिसियस त्याला मृतांच्या जगात पाहतो. म्हातारा तळ्यात उभा आहे, पाणी हनुवटीला टेकलंय. तो प्यायला वाकतो तेव्हा पाणी आटून जातं आणि पायाखाली काळी जमीन दिसते. डोक्यावर फळांनी लगडलेल्या फांद्या: नासपती, डाळिंब, सफरचंद, अंजीर, ऑलिव्ह. हात वर केला की वारा येतो आणि फांद्या ढगांकडे भिरकावतो. आपल्याकडे हातातोंडाशी आलेला घास जातो, पण तो एकदाच. टँटलसचा जातच राहतो.

त्यानं केलं काय होतं, हे होमर इथे सांगतच नाही. पुढे प्रचलित झालेली कथा भयंकर आहे. देवांची परीक्षा पाहायला त्यानं आपल्याच मुलाला, पेलॉप्सला, कापून शिजवलं आणि पंगतीत वाढलं. बाकीच्या देवांनी ओळखलं. मुलीच्या विरहानं बेभान झालेली धान्यदेवता डिमीटर मात्र खांद्याचा तुकडा खाऊन बसली. देवांनी मुलाला जिवंत केलं, खांदा हस्तिदंती बसवला. कवी पिंडारला हे पटलं नाही. इ.स.पू. ४७६ मधल्या विजयगीतात तो म्हणतो, ही मत्सरी शेजाऱ्यांनी उठवलेली आवई आहे. टँटलसनं देवांचं अमृत चोरून आपल्या मित्रांना पाजलं, हा खरा गुन्हा. पिंडारच्या टँटलसला शिक्षाही वेगळी आहे: डोक्यावर लटकणारी शिळा. इंग्रजीनं ती आवृत्ती उचलली असती तर ‘टँटलाइझ’चा अर्थ ‘धास्तीत ठेवणं’ झाला असता.

सोळाव्या शतकाच्या अखेरीस हा शब्द इंग्रजीत आला तो तळ्याची कथा घेऊन. म्हणून ‘टेम्प्ट’ (मोहात पाडणं) आणि ‘टँटलाइझ’ एकच समजू नका. मोहाला माणूस निदान बळी तरी पडू शकतो. इथे तीही सोय नाही. वस्तू दिसली पाहिजे, जवळ असली पाहिजे आणि मिळता कामा नये. शेवटच्या चेंडूवर एक धाव कमी पडली, तर विजय ‘टँटलायझिंगली क्लोज’ होता म्हणणं चोख. चवीच्या जाहिरातीत शब्द पुष्कळ सैल झालाय. कोशांनाही ते चालतं, मला चालत नाही.

व्हिक्टोरियन काळातल्या इंग्रज घरांत ‘टँटलस’ नावाची एक वस्तूच असे. लाकडी चौकट, तीत मद्याच्या काचेच्या सुरया, वरून आडवी दांडी, दांडीला कुलूप. किल्ली मालकाकडे. नोकरानं रोज काच पुसायची आणि आतलं सोनेरी मद्य नुसतं बघायचं. थट्टेत क्रौर्य किती असू शकतं, याचा हा नमुना.

रसायनशास्त्रज्ञांनीही हे नाव घेतलं. १८०२ साली स्वीडनच्या एकेबर्ग यांना एक नवा धातू सापडला. त्याचं ऑक्साइड आम्लात बुडवून ठेवलं तरी आम्ल काही घेईना. पाण्यात उभा राहूनही तहानलेला! म्हणून नाव टँटलम. आज तो इलेक्ट्रॉनिक उपकरणांतल्या चिमुकल्या कपॅसिटरमध्ये, म्हणजे वीज साठवणाऱ्या भागात, असतो.

त्याआधी वर्षभर इंग्लंडमध्ये हॅचेट यांनी ‘कोलंबियम’ शोधला होता. १८०९ मध्ये वोलास्टन यांनी दोन्ही धातू एकच असल्याचं ठरवून टाकलं. १८४४ मध्ये जर्मनीच्या हाइनरिश रोझ यांनी दाखवलं की टँटलमच्या खनिजात दुसरंही मूलद्रव्य दडलंय. बापापासून ओळखू न येणाऱ्या त्या धातूला त्यांनी टँटलसच्या मुलीचं, नायोबीचं, नाव दिलं: नायोबियम. हा नायोबियम म्हणजे हॅचेट यांचा कोलंबियमच निघाला; अमेरिकन मंडळी मात्र पुढे शतकभर त्याला ‘कोलंबियम’च म्हणत राहिली.