सोपारा: हद्दीवरचं बंदर वाचताना

मंडळी, नालासोपाऱ्याच्या परिसरात प्राचीन सरहद्दीच्या खुणा शोधायच्या तर तटबंदीच्या मागे लागू नका. इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकांत क्षत्रप (पश्चिम भारतातले शक राज्यकर्ते) आणि सातवाहन उत्तर कोकणासाठी झगडत होते, आणि ती ओढाताण चालली बंदरांवर आणि नद्यांच्या उतारांवर. उल्हास नदीवरच्या कल्याणबद्दल पेरिप्लस या जुन्या ग्रीक सागरी प्रवास-पुस्तिकेत नोंद आहे की सत्ता बदलल्यावर तिथे आलेली ग्रीक जहाजं पहाऱ्यात भडोचला नेली जात. नाशिकच्या पांडवलेण्यांत क्षत्रप राजा नहपान याचा जावई उषवदात याचा लेख आहे. दमणा, तापी, दाहणूका अशा नद्यांवर त्याने पलीकडे जायला फुकट होड्या चालवल्या, दोन्ही तीरांवर धर्मशाळा आणि पाणपोया बांधल्या; सोपाऱ्यातही लोकांसाठी निवारा केला. धर्माचं काम खरंच, पण वाटेवरची पकडही त्यातूनच बसते.

आता सोपाऱ्याच्या बौद्ध स्तूपाकडे या. १८८२ साली पुरातत्त्व-अभ्यासक भगवानलाल इंद्रजी यांनी 'बुरूड राजाचा कोट' म्हणतात त्या स्तूपाच्या टेकाडात खोदलं. मधोमध दगडी पेटी निघाली. तिच्यात तांब्याचा करंडक (झाकणाची डबी), त्याच्या आत एकात एक बसवलेले चांदीचा, दगडाचा, स्फटिकाचा आणि सोन्याचा असे करंडक. सगळ्यात आत सोन्याची फुलं आणि मातीच्या भांड्याचे तुकडे, बहुधा भिक्षापात्राचे. पेटीत सातवाहन राजा यज्ञ सातकर्णीचं चांदीचं नाणंही होतं. त्याच्या चांदीच्या नाण्यांवर क्षत्रपांच्या धर्तीचा राजाचा चेहरा कोरलेला असतो. ज्या मुलखात लोकांच्या हाताला क्षत्रपांची चांदी सरावलेली, तिथे सातवाहनालाही तसंच नाणं पाडावं लागलं. सरहद्दीचा याहून बोलका पुरावा मला माहीत नाही.

पण त्याच पेटीत करंडकाभोवती आठ लहान धातुमूर्ती बसवल्या होत्या, आणि त्या शैलीवरून आठव्या-नवव्या शतकाच्या ठरतात. म्हणजे पेटी पुन्हा उघडून बंद केली गेली. नुसत्या नाण्यावर काळ ठरवला असता तर सहाएकशे वर्षांची चूक झाली असती. बंद ठेव्याचा काळ ठरवताना आधी पाहायची ती त्यातली सर्वांत उशिराची वस्तू.

खापरांचंही तसंच. खाडीकाठी खापर सापडलं की आधी कडा पाहा. कडा गोलसर झिजल्या असतील तर ते पाण्याने वाहून आलेलं. त्यावरून तिथे वस्ती होती असं म्हणता येत नाही. धारदार कडांची खापरं एकाच थरात, विटांच्या तुकड्यांसोबत मिळाली तर मात्र थांबायचं; तिथे वस्ती असू शकते. जाड खापराच्या आतल्या बाजूला काळा थर दिसला तर घासू नका. ते डांबर असू शकतं. इराणी आखातातून येणारे बिनकानांचे, निमुळत्या बुडाचे रांजण आतून डांबराने लिंपलेले असत, आणि त्यांची खापरं वर्षानुवर्षं रोमन अँफोराची (दोन कानांच्या मद्य-तेलाच्या रांजणाची) म्हणून नोंदली गेली. थर धुऊन टाकला की हा फरक सांगणं अवघड होतं.

खारं खापर उन्हात वाळवू नये. आतलं मीठ पृष्ठभागाशी येऊन त्याचे खडे होतात आणि वरचा लेप पापुद्र्यासारखा सुटतो. गोड्या पाण्यात बुडवून, पाणी बदलत राहून, मग सावलीत वाळवायचं. मात्र कच्चं भाजलेलं किंवा रंगवलेलं खापर पाण्यात घालण्याआधी जाणकाराला दाखवा.

बांधकामाच्या पायाच्या चरात असा खापरांचा थर लागला तर काम थांबवून मोजपट्टी ठेवून फोटो घ्या, जमिनीपासूनची खोली लिहून ठेवा, वस्तू उचलू नका. नाणी किंवा दागिने निघाले तर १८७८च्या निखात निधी (जमिनीत पुरलेला ठेवा) कायद्यानुसार १० रुपयांहून जास्त किमतीच्या ठेव्याची खबर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी द्यावी लागते.