नंबर कुणाचा, पैसे कुणाचे

आंतरराष्ट्रीय प्रीमियम नंबर, म्हणजे फोन करणाऱ्याला जास्त पैसे पडतात आणि त्यातला वाटा सेवा चालवणाऱ्याला मिळतो असा परदेशी नंबर, म्हटलं की एकाच नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी येतात, आणि घोळ तिथूनच सुरू होतो.

पहिली गोष्ट कागदावर देखणी आहे. जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघानं, म्हणजे आयटीयूनं, या सेवेसाठी +९७९ हा कोड राखून ठेवला. ई.१६९.२ या शिफारशीत नंबरचा साचा दिला आहे: ९७९, मग दराचा गट सांगणारा एक अंक, मग आठ अंकी ग्राहक क्रमांक. असे १२ अंक झाले. सेवा चालवणाऱ्यानं स्वतः अर्ज करायचा नसतो, तो त्याच्या दूरसंचार कंपनीमार्फत आयटीयूकडे जातो.

तरीही +९७९ बाजारात रुजला नाही. कारण नंबर मिळाला म्हणजे तो लागतो असं नाही. फोन करणाऱ्याच्या देशातल्या प्रत्येक कंपनीनं तो कोड आपल्या एक्स्चेंजमध्ये उघडायला हवा, प्रत्येक दर-अंकाला आपल्या चलनात भाव लावायला हवा आणि वसूल झालेला पैसा पलीकडे पोचवायला हवा. असे करार देशोदेशी करत बसायला कुणाला सवड आहे?

म्हणून दुसरी गोष्ट जन्माला आली. बाजारात ज्याला आज ‘आयपीआरएन’ (इंटरनॅशनल प्रीमियम रेट नंबर) म्हणतात तो नंबर दिसायला एखाद्या देशाचा साधा नंबर असतो. त्या देशात फोन पोचवायचा दर जबर असतो. फोन करणारा आयएसडीचे पैसे भरतो, ते त्याच्या कंपनीकडून मधल्या कॅरियरकडे, म्हणजे फोन वाहून नेणाऱ्या कंपनीकडे, तिथून नंबर पुरवणाऱ्या नंबरवाल्याकडे जातात, आणि त्यातला प्रतिमिनिट ठरलेला वाटा सेवा चालवणाऱ्याला मिळतो. वेगळा करार नाही, बिलात वेगळी ओळ नाही. हीच याची सोय आणि हीच याची खोट.

फोन खरोखर त्या देशात पोचतो का? पुष्कळदा नाही. मधलाच एखादा कॅरियर तो वाटेत उतरवून घेतो आणि तिसऱ्याच ठिकाणच्या सर्व्हरवर वळवतो. याला शॉर्ट-स्टॉपिंग म्हणतात. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं १९९७ साली एक प्रकरण कोर्टात नेलं होतं. वेबसाइटवरून उतरवलेला प्रोग्राम लोकांच्या मॉडेमचं चालू कनेक्शन गुपचूप तोडून परत आंतरराष्ट्रीय नंबर लावायचा. बिल यायचं मोल्दोव्हाचं, फोन मात्र कॅनडातच थांबत होते. ज्या देशाचा नंबर वापरला जातो त्याला अनेकदा पत्ताच नसतो. अशा गैरवापराची तक्रार ई.१५६ या शिफारशीनुसार आयटीयूकडे नोंदवता येते, पण पैसा थांबवणं आयटीयूच्या हातात नाही.

आता, तुम्ही नंबर देणारे असाल तर पहिलं काम म्हणजे ब्लॉकचा, म्हणजे सलग नंबरांच्या गटाचा, हक्क तपासणं. ज्या देशाचा नंबर आहे त्याचा नंबरिंग प्लॅन आयटीयूकडे कळवलेला असतो. तुम्हाला विकला जाणारा ब्लॉक त्यात खरंच कुणाला दिलेला आहे का, आणि ज्याला दिला त्याचं पत्र तुमच्याकडे आहे का, हे बघा. न वाटलेल्या ब्लॉकमधले नंबर विकणारे कमी नाहीत. मग अर्जदाराची कागदपत्रं: नोंदणी, मालकाची ओळख, त्याच नावाचं बँक खातं, सेवेची ध्वनिमुद्रित फीत, कोणत्या देशांतून आणि दिवसाला अंदाजे किती मिनिटं येणार. शेवटच्या प्रश्नावर ‘सगळीकडून, कितीही’ असं उत्तर आलं तर फाइल तिथेच मिटा.

सुरुवातीला हजाराचा ब्लॉक देऊ नका, दहा नंबर पुरे. दिवसाच्या मिनिटांवर, एका कॉलच्या लांबीवर आणि एका फोनवरून येणाऱ्या कॉलच्या संख्येवर मर्यादा घाला. चाचणी ज्या देशातून ग्राहक येणार त्याच देशातून करा, ऑफिसातून नव्हे.

चाचणीत सर्वांत जास्त सापडणारा दोष दर-सूचनेचा, म्हणजे फोनवर मिनिटाचा दर ऐकवणाऱ्या सूचनेचा. दर फोन उचलण्याआधी, म्हणजे सिपमध्ये (इंटरनेटवरून कॉल जोडण्याच्या पद्धतीत) ‘१८३’ या कॉल जुळत असल्याच्या संकेताच्या टप्प्यात ऐकवला तर मीटर पडत नाही. पण अनेक नेटवर्क हा आधीचा आवाज पुढे पाठवतच नाहीत, आणि फोन करणाऱ्याला नुसती शांतता ऐकू येते. ‘२०० ओके’, म्हणजे फोन उचलल्याचा संकेत, देऊन मग दर सांगितला तर सूचनेचेही पैसे लागतात. दुसरा मार्ग पत्करावा आणि सूचना दहा सेकंदांत संपवावी. ऐकू न येणाऱ्या सूचनेचा उपयोग काय? याच्या उलट लबाडी म्हणजे घंटी वाजत असतानाच २०० ओके देऊन मीटर सुरू करणं. रिंगचा आवाज तेव्हा खोटा, फितीवरचा असतो.

आणि पैसे. फोन करणाऱ्याच्या कंपनीला फसवणूक कळायला आठवडे जातात. नंबरवाला मात्र ‘दर आठवड्याला पैसे’ अशी जाहिरात करतो, आणि चोरांना तेवढंच हवं असतं. हिशेब करून बघा. एखाद्या कंपनीच्या ईपीएबीएक्सला, म्हणजे ऑफिसातल्या स्वतःच्या छोट्या एक्स्चेंजला, एक ई-१ लाइन आहे, म्हणजे एका वेळी ३० कॉल जाऊ शकतील असे ३० चॅनेल. पासवर्ड कच्चा निघाला, चोरानं तिथून आपल्याच प्रीमियम नंबरवर फोन लावले आणि शुक्रवारी रात्री आठ ते सोमवारी सकाळी आठ, असे ६० तास तीसही चॅनेल भरून कॉल चालले, तर १,०८,००० मिनिटं होतात. मिनिटाला वीस रुपये धरले तरी २१ लाख ६० हजार. सोमवारी कुलूप उघडेपर्यंत सगळं आटोपलेलं. म्हणून वाटा देण्याची मुदत वरच्या कॅरियरकडून पैसे येण्याच्या मुदतीपेक्षा लांब हवी, आणि वादातले कॉल वगळण्याचं कलम करारात हवं. गिऱ्हाईक त्यावर कुरकुरतं, कुरकुरू द्या.

रोजचे सीडीआर, म्हणजे प्रत्येक कॉलच्या नोंदी, यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेत जुळवा आणि आकारणी सेकंदाची की मिनिटाची, हे आधी लिहून घ्या. निम्मे वाद याच दोन गोष्टींचे. नमुनाही ओळखता यायला हवा. मोजक्याच फोनवरून, कमाल मर्यादेपर्यंत ताणलेले, एकसारख्या लांबीचे कॉल दिसले तर कुणाचं तरी ईपीएबीएक्स फोडलेलं आहे. हजारो वेगवेगळ्या फोनवरून अर्ध्या-एक मिनिटाचे कॉल आले तर ते वांगिरी. जपानी शब्द आहे, एक रिंग देऊन तोडणं. आपल्याकडे मिस्ड कॉलला उलटा फोन करणं अंगवळणी पडलेलं असल्यामुळे हा सापळा इथे फार सोपा पडतो.

नंबर परत आला की लगेच दुसऱ्याला देऊ नका. निदान सहा महिने रिकामा ठेवा आणि त्या काळात त्यावर येणारे कॉल मोजत राहा. जुन्या सेवेचा मागमूस संपलेला नसेल, तर नव्या माणसाला पहिल्याच दिवशी भलत्याच्या तक्रारी मिळतील.