खाणीतलं गणित, बार्जच्या पोटात

[दृश्य: सकाळची मांडवी. बेतीहून फेरीबोट आडवी निघालीय. खनिजाचा भरलेला बार्ज संथपणे खाली उतरतोय.]

काठोकाठ भरलेला हा बार्ज बघा. मालकाला वाटतं, एका खेपेत भरपूर माल जावा आणि डिझेल मात्र कमी जळावं. त्यात पावसाळ्यात मांडवीच्या मुखाशी आग्वादची वाळूपट्टी धोक्याची होते. मग कुंभारजुवे कालव्यातून जुवारीत उतरायचं आणि मुरगाव गाठायचं. म्हणजे बूड फार खोल चालणार नाही. बूड उथळ ठेवून तेवढाच माल न्यायचा, तर बार्ज रुंद करा. रुंद केला की तो पाणी जास्त अडवतो आणि डिझेल खातो. एक धरलं की दुसरं सुटतं.

अशा प्रश्नाला एकच उत्तर नसतं, उत्तरांची रांग असते. त्या रांगेतल्या कुठल्याही बार्जचं डिझेल आणखी वाचवायचं म्हटलं, तर मालावर किंवा उथळ बुडावर पाणी सोडावंच लागतं. इटालियन अर्थशास्त्रज्ञ विल्फ्रेडो पॅरेटोच्या नावावरून तिला पॅरेटो सीमा म्हणतात.

[दृश्य: संगणकाचा पडदा. बार्जच्या तळाभोवती रंगीत प्रवाहरेषा.]

ही सीमा शोधायची प्रसिद्ध रीत आपल्याकडचीच आहे. आयआयटी कानपूरमध्ये कल्याणमय देब आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलेली एनएसजीए-टू, 2002 साली प्रसिद्ध झालेली. शंभर आराखडे घ्या, त्यांतले चांगले निवडा, त्यांचा संकर करा, पुन्हा निवडा. अशी एक फेरी म्हणजे एक पिढी.

आता हिशेब करू. शंभर आराखडे, दोनशे पिढ्या, म्हणजे वीस हजार चाचण्या. एका तळाभोवतीचा प्रवाह संगणकावर सोडवायला सहा तास धरले, तर एकामागून एक करत पाच हजार दिवस लागतील. चौदा वर्षांना थोडेच कमी. रामाचा वनवास!

इथे येतं सरोगेट मॉडेल. आपल्याकडे जत्रेतल्या नाटकाच्या तालमीला मुख्य नट आला नाही, तर प्रॉम्प्टर त्याची वाक्यं वाचतो. तालीम अडत नाही. प्रयोग मात्र नटानेच करायचा. सरोगेट हा तो प्रॉम्प्टर. बार्जची सहा मापं बदलायची असतील, तर मापामागे दहा नमुने असा एक ढोबळ रिवाज आहे. साठ आराखडे खरोखर सोडवा, पंधरा दिवस. त्या साठ उत्तरांतून एक हलकं गणित शिकवा. मग वीस हजार प्रश्न त्याला विचारा, उत्तरं काही क्षणांत.

[दृश्य: डिचोलीची जुनी खाण. तांबडी माती, पायऱ्या पायऱ्यांचे कडे.]

गंमत म्हणजे हे हलकं गणित खाणीतून आलं. दक्षिण आफ्रिकेतल्या विटवॉटर्सरँडच्या सोन्याच्या खाणींत डॅनी क्रिग या अभियंत्यापुढे प्रश्न होता: मोजक्याच ठिकाणच्या नमुन्यांवरून मधल्या खडकात किती सोनं आहे, हे कसं सांगायचं? 1951 साली त्यांनी त्यावर प्रबंध लिहिला. पुढे फ्रान्सच्या जॉर्ज मातेरोंनी त्याला शास्त्राचं रूप देऊन ‘क्रिगिंग’ नाव दिलं. बोअर मारून लोखंडाचा अंदाज बांधणाऱ्या डिचोली-सांग्याच्या माणसाला हा प्रश्न वेगळा समजावून सांगावा लागणार नाही. दोन बोअर जवळ असतील तर मधला अंदाज पक्का, लांब असतील तर कच्चा. क्रिगिंग तो कच्चेपणा आकड्यात सांगतं. मला विचाराल तर त्याची खरी किंमत इथेच आहे.

कारण प्रॉम्प्टर चुकतो. जिथे नमुने विरळ, तिथे सरोगेट एखादा अफलातून बार्ज दाखवतो, आणि तो खरा सोडवला की भोपळा. म्हणून पुढची महागडी चाचणी कुठे करायची, हे दोन गोष्टी बघून ठरवतात: अंदाज चांगला कुठे आहे आणि शंका मोठी कुठे आहे. जोन्स, शोनलाऊ आणि वेल्च यांनी 1998 साली एकाच उद्दिष्टासाठी हा तोल नेमका मांडला. अनेक उद्दिष्टांसाठी तो पुढे वाढवला गेला. आणखी चाळीस चाचण्या म्हणजे दहा दिवस. प्रत्येक उत्तर परत सरोगेटला शिकवायचं.

आणि सगळ्याच गोष्टींना बदली नट लागत नाही. पोटात माल किती मावेल, ही साधी भूमिती, लगेच निघते. तिथेही सरोगेट बसवणारे भेटतात. उगाच चुकीला आमंत्रण. महाग आहे तो पाण्याचा विरोध. बदली फक्त त्याला.

[दृश्य: कुंभारजुवे कालवा. ओहोटी. खारफुटीची मुळं उघडी.]

पंचवीस दिवसांनी पडद्यावर वक्ररेषा उमटते. तिच्यावरचे शेजारचे दोन आराखडे शंकेच्या पट्ट्यात एकमेकांवर चढलेले, म्हणजे त्यांच्यात सरस कोण हे सरोगेट सांगू शकत नाही. दोन्ही पुन्हा खरे सोडवायला टाकले जातात, या वेळी ओहोटीच्या पाण्यात, कारण तळ आणि गाळ यांत अंतर कमी उरलं की विरोध वाढतो. बारा तासांनी उत्तर येईल. तोवर कालव्यात भरतीची वाट बघत एक बार्ज उभा आहे.