मामांचे मोजे

(दृश्य: वर्तमानपत्रावर पेन्सिलीने गिरवलेलं पाऊल, त्यावर मोजपट्टी)

हे मामांचं पाऊल. चवड्याचा घेर २४ सेंटिमीटर. मोजा मात्र साडेएकवीसच्या आसपासच विणायचा, कारण विणलेलं कापड ताणतं. पायाच्या मापाचाच विणला, तर चालताना घोट्यावर गोळा होतो. भाचीने आधी छोटा नमुना विणून पाहिलाय: १० सेंटिमीटरला ३० टाके. म्हणजे मोज्याला ६४.

विणकाम म्हणजे नुसता विरंगुळा, असं लोक म्हणतात. एवढा हिशोब, आणि याला विरंगुळा म्हणतात!

(दृश्य: लोकरीचा गुंडा, सुया)

या लोकरीत पाव भाग नायलॉन आहे. निव्वळ लोकर टाचेपाशी लवकर झिजते. सुया पाच, अडीच मिलिमीटर जाडीच्या, दोन्हीकडे टोक असलेल्या. चार सुयांवर सोळा-सोळा टाके, पाचवी विणणारी.

सुरुवात वरून. दोन सुलट, दोन उलट. एवढ्यानेच काठ ताणतो आणि परत जागेवर येतो, रबर लागत नाही. विकतच्या मोज्यांच्या रबराने मामांच्या घोट्यावर वळ उठायचे. हे मोजे विणायला घेतले ते त्यामुळेच.

(दृश्य: पोटरीचा भाग, वेग वाढवून)

इथे नुसते सुलट टाके. गप्पा मारत विणता येतात.

(दृश्य: टाच, अगदी जवळून)

आता गप्पा बंद. ६४ पैकी ३२ टाके बाजूला थांबलेत. उरलेल्या ३२ वर ती पुढे-मागे अशी पट्टी विणतेय. सुलट ओळीत एक टाका विणते, पुढचा न विणता तसाच उचलून घेते. उचललेल्या टाक्यांमागून धागा आडवा जातो आणि टाच जाड होते. अशा ३२ ओळी.

मग वळण. ओळ पूर्ण करायचीच नाही. मध्याच्या थोडं पुढे जायचं, दोन टाके एकत्र विणायचे, आणखी एक विणायचा, तिथूनच मागे फिरायचं. दर ओळीला एक पाऊल पुढे. ३२ चे १८ उरतात, तोवर सपाट पट्टीला वाटीसारखी खोली आलेली असते. कुठे कापलं नाही, कुठे शिवलं नाही. तिचे ओठ हलताहेत ना, ते मोजणं चाललंय. मध्ये कुणी हाक मारायची नाही.

(दृश्य: पट्टीच्या कडेने उचलले जाणारे टाके)

दोन्ही कडांवरून सोळा-सोळा टाके उचलले. थांबलेले ३२ पुन्हा कामाला लागले. एकूण झाले ८२. मग एक फेरी सोडून दर फेरीत दोन टाके कमी, पुन्हा ६४ होईपर्यंत. मोजा पावलाच्या वरच्या बाजूला नीट बसतो तो या उतारामुळे.

१५८९ मध्ये इंग्लंडात विल्यम ली यांनी मोजे विणायचं यंत्र तयार केलं. वेग जबरदस्त, पण त्यातून निघायचं सपाट कापड. ते शिवून मोजा करावा लागे. पुढे यंत्रंही गोल विणायला शिकली. या पाच सुया आधीपासूनच गोल विणत होत्या, हे इथे सांगायलाच हवं.

(दृश्य: बोटांकडचं टोक, बोथट सुई)

बोटांकडे टाके कमी करत आणले, शेवटी उरले २४. बारासमोर बारा. आता विणायचं नाही, दाभणासारख्या बोथट सुईने धागा ओवत जायचं, टाका जसा वळतो तसाच. दोन बाजूंच्या मध्ये विणीची एक नवी ओळ तयार होते. जोड बोटाला लागत नाही. आम्ही कॅमेरा आणखी जवळ नेला, तरी सापडला नाही.

(दृश्य: दोन मोजे शेजारी शेजारी)

दुसराही असाच, पुन्हा पहिल्या टाक्यापासून. पहिला झाला की हात आळसावतो आणि कित्येकांचा जोड तिथेच अडकतो. हिचा नाही अडकला.

(दृश्य: मामा मोजे घालताना)

माप बरोबर आलं. वळ उठत नाहीत.

(दृश्य: भाची मामींच्या हातात लोकरीचा छोटा गुंडा देते)

उरलेली लोकर मामींकडे. पुढेमागे टाच विरली, तर रफूला याच रंगाचा धागा लागेल.