कोकोच्या डोंगरातला फाटा

[दृश्य: बोगद्याचं तोंड, वरून लोंबणाऱ्या वेली]

हा रेल्वेचा नोलिस बोगदा. त्रिनिदाद बेटाच्या मधोमध, टबाकीट गावाजवळचा. लांबी साधारण दोनशे मीटर. १८९८ साली तो खुला झाला आणि त्याला नाव मिळालं तेव्हाच्या हंगामी गव्हर्नरचं. डोंगर फोडणाऱ्यांपैकी कुणाचं नाही.

आज इथून गाडी जात नाही. पण या आडरानात एवढा खटाटोप कशासाठी केला, ते कळायला कोकोच्या मळ्यात शिरावं लागतं.

[दृश्य: केशरी फुलोऱ्याची उंच झाडं, खाली कोको]

ही उंच झाडं इमॉर्टेल. आपल्या पांगाऱ्याचीच भावकी. कोकोला कडक ऊन सोसत नाही, म्हणून सावलीसाठी लावलेली. फुलली की सगळा उतार केशरी होतो.

[दृश्य: शेंग फोडताना, जवळून]

कोकोची शेंग थेट खोडाला लागते. फोडली की आत पांढऱ्या, बुळबुळीत गरात दाटीवाटीने बसलेल्या बिया. त्या लाकडी पेटीत भरायच्या, वर केळीची पानं घालायची आणि आठवडाभर आंबू द्यायच्या. मग वाळवणघर. त्याचं छप्पर पाहा, चाकांवर सरकतं. ऊन असलं की उघडं, सर आली की ओढून बंद. वाळलेल्या बियांवर बायका-पुरुष अनवाणी पायांनी नाचायचे. पायांखाली घासून बियांना झिलई यायची, आणि झिलईवर भाव ठरायचा.

हे मळे उभे केले ते व्हेनेझुएलातून आलेल्या मजुरांनी आणि करार संपलेल्या भारतीय गिरमिटियांनी, म्हणजे करारावर मजुरीला आणलेल्या लोकांनी. जंगल तोडायचं, रोपं लावायची, काही वर्षं जगवायची, मग झाडामागे ठरलेले पैसे घेऊन ती जमीन मळेवाल्याच्या हवाली करायची आणि पुढचं जंगल धरायचं. पुष्कळ गिरमिटियांनी पै-पै साठवून स्वतःचे तुकडेही घेतले.

पोती भरली, पण बंदर लांब. इथली माती चिकण. पावसाळ्यात वाट म्हणजे नुसता राडा, खेचरंसुद्धा रुतायची.

[दृश्य: जुना नकाशा]

बेटावरची पहिली सरकारी रेल्वे १८७६ची, पोर्ट ऑफ स्पेन ते आरिमा. १८८२ला दुसरी वाट सॅन फर्नांडोला पोहोचली. ती उसाच्या सपाट पट्ट्यातून गेली, कारण साखर कारखानदारांचं वजन मोठं. डोंगरातल्या कोकोवाल्यांच्या वाट्याला गाडी आली ती १८९८ साली. जर्निंगहॅम जंक्शनला मुख्य मार्ग सोडून हा फाटा कपारोच्या खोऱ्यात वळला आणि टबाकीटला आला. १९१४ला रिओ क्लारो गाठलं. या फाट्याने डोंगरातला माणूस बाजाराला जोडला. बेटाच्या रेल्वेचा इतिहास सांगताना साखरेच्या गाड्यांइतकाच मान त्याला मिळायला हवा.

[दृश्य: गवताने झाकलेली रुळांची वाट]

१९२०च्या दशकात कोकोचा भाव पडला, पाठोपाठ विचेस ब्रूम हा रोग आला, रस्ते झाले, लॉऱ्या आल्या. १९६५ला फाटा बंद, आणि २८ डिसेंबर १९६८ला बेटावरची शेवटची गाडी धावली.

[दृश्य: बोगद्याच्या आतून]

बोगद्याची पुढे डागडुजी झाली, लोक तो बघायला येऊ लागले. त्रिनिदादमध्ये कोकोच्या हजारो वाणांची आंतरराष्ट्रीय जीनबँक आहे. झाडं तिथे जपली जातात. इथल्या कोकोच्या बिया ज्या वाटेने बाजाराला गेल्या, ती कपारो ते रिओ क्लारोची वाटही आखून, पाट्या लावून राखली पाहिजे, अजून ओळखू येते तोवर.